‘वा’चं पान

साताऱ्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयात लेखकांच्या यादीचं एक जुनं रजिस्टर आहे. ते आता कोणी उघडत नाही. ज्या गृहस्थांनी ते केलं, त्यांनी लेखक आडनावाने न लावता नावाने लावलेत. म्हणजे खांडेकर हवे असतील तर ते विष्णू, हे तुम्हाला घरूनच ठाऊक असायला हवं. वाचक येतो तो आडनाव घेऊन, तेही कधी कधी अर्धवट. ग्रंथपाल बाईंचं मत असं की, ते रजिस्टर म्हणजे नुसता ताप आहे. रद्दीत घालवत नाही, कारण त्यावर दाखल नंबर आहे.

पेपर दुसऱ्याच्या हातात असला की मी ते चाळत बसतो. आडनावाने लावलं की भाऊबंद एकत्र येतात. नावाने लावलं की ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशी माणसं मांडीला मांडी लावून बसतात. ‘वि’ची पानं ओसंडून वाहतात, विष्णू, विठ्ठल आणि विनायक यांनी मराठी वाङ्मय व्यापून टाकलंय. ‘वा’ त्या मानाने आटोपशीर. थोडे वामन आणि मग वासुदेव. माझ्या आजोबांचं नाव वासुदेव, म्हणून त्या पानावर जरा जास्त रेंगाळणं होतं.

तिथे दोन नावं एकाखाली एक आहेत: वासुदेव महादेव दीक्षित आणि वासुदेव महादेव अभ्यंकर. दोघांपुढे ‘व्याकरण’. शेजारी कोणा चौकस वाचकाने पेन्सिलीने विचारलंय, ‘हे दोघे एकच का?’ आणि त्याखाली वेगळ्या अक्षरात, शाईने, ‘नाही.’ दोन रेघांनी अधोरेखित. उत्तर देणाऱ्याला राग आलेला दिसतो.

पण विचारणाऱ्याची तरी काय चूक? नाव एक, वडिलांचं नाव एक, शास्त्र एक. वासुदेव दीक्षित अठराव्या शतकातले, तंजावरचे. भट्टोजी दीक्षितांच्या सिद्धान्तकौमुदी या संस्कृत व्याकरणग्रंथावर त्यांनी ‘बालमनोरमा’ नावाची, अर्थ उलगडून सांगणारी टीका लिहिली. कौमुदीपुढे घाम फुटलेला विद्यार्थी आजही आधी ‘बालमनोरमा’ काढतो. प्रकरण संपलं की हे दीक्षित स्वतःची सविस्तर ओळख देतात, त्यात वडील महादेव वाजपेयी, आई अन्नपूर्णा, वडील बंधू विश्वेश्वर, त्यांच्याकडे झालेलं अध्ययन, सगळं येतं. त्याच दमात शाहजी, शरभजी, तुक्कोजी हे तंजावरचे भोसले राजेही येतात. म्हणजे इकडे साताऱ्यात शाहू महाराज गादीवर होते, त्याच सुमारास तिकडे कावेरीकाठी दुसऱ्या भोसल्यांच्या राज्यात एक वासुदेव पाणिनीची सूत्रं पोरांना समजतील अशी सोडवत होता. आईचं नाव आवर्जून घालणारा ग्रंथकार मला तरी आवडतो.

दुसरे वासुदेव इथले. त्यांचे आजोबा भास्करशास्त्री अभ्यंकर साताऱ्याचे नामांकित वैयाकरण. आजोबांचेच शिष्य रामशास्त्री गोडबोले. त्यांच्याकडे वासुदेवशास्त्री व्याकरण शिकले आणि पुढे पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात वर्षानुवर्षे शिकवत राहिले. महामहोपाध्याय झाले. पतंजलीचं अख्खं व्याकरणमहाभाष्य त्यांनी मराठीत आणलं, सहा खंडांत. आमच्या वाचनालयात त्यातले काही खंड आहेत, पानं न कापलेले. तरीही मी म्हणेन की, मराठीत ते असणं हीच मोठी गोष्ट आहे. ज्याला वाचायचं असेल त्याची सोय झालेली आहे. वाचणारा कधी यायचा ते शास्त्रीबुवांच्या हातात नव्हतं.

त्याच पानावर मिरजेचे वासुदेव वामन खरे. जन्म गुहागरचा, संस्कृतचं शिक्षण काही काळ साताऱ्यात, नोकरी मिरजेच्या शाळेत संस्कृत शिक्षकाची. मिरजेत पटवर्धन सरदारांची दप्तरं पडून होती. शाळामास्तराने त्या मोडी रुमालांत डोकं घातलं आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला. पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल लिहिणाऱ्याला आजही खऱ्यांना ओलांडून पुढे जाता येत नाही. पटवर्धनांचा कारकून छावणीतून काय लिहितो, तर दाणावैरण मिळत नाही, पाऊस थांबत नाही, अमक्याचा घोडा मेला. ते सगळं खऱ्यांनी जसंच्या तसं राहू दिलं. मोठ्या लढायांचे ढोल वाजवणाऱ्यांपेक्षा मला हा घोडा जास्त सांगून जातो. शिवाय त्यांनी नाना फडनविसांचं चरित्र लिहिलं, नाटकं लिहिली, ‘यशवंतराव’ नावाचं महाकाव्य लिहिलं. महाकाव्य मी उघडलं होतं. लेखसंग्रह चांगला आहे.

बाकीचे भराभर सांगतो. वासुदेव विष्णु मिराशी ताम्रपट आणि शिलालेखांतले. कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार या घराण्यांच्या लेखांचे त्यांचे तीन जाडजूड ग्रंथ. त्यातला शिलाहारांचा १९७७ साली आला तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते. आपल्या कऱ्हाड-मिरजेवर राज्य करून गेलेल्या शिलाहारांचा हिशेब तिथे लागतो. वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी १९६० साली संभाजी महाराजांचं चरित्र काढलं आणि नाटक-कादंबऱ्यांतल्या व्यसनी, नादान संभाजीला कागदपत्रांनिशी उत्तर दिलं. वासुदेव गोविंद आपटे ‘शब्दरत्नाकर’ कोशवाले; १९०६ साली मुलांसाठी ‘आनंद’ मासिक काढणारेही तेच. चित्रकार गायतोंडेही वासुदेवच, पण रजिस्टरात चित्रकारांना जागा नाही.

एक लक्षात येतं. या पानावरची बहुतेक मंडळी दुसऱ्यांचं लिहिलेलं वाचून देणारी. कोणी भट्टोजीचं, कोणी पतंजलीचं, कोणी कारकुनाची मोडी, कोणी तांब्यावर कोरलेलं दानपत्र. स्वतःचं म्हणून फार थोडं बोलले. हा नावाचा गुण, असं मी मुळीच म्हणत नाही. जुन्या घरांत देवाचं नाव ठेवायचे ते हाक मारता मारता नामस्मरण व्हावं म्हणून. अजामिळाला पोराच्या नावाने तारलं तसं आपल्यालाही तारेल, असा साधा हिशेब. प्रत्यक्षात आजोबांना त्यांची आई ‘वाश्या’ म्हणायची. त्या नामस्मरणाचं किती पुण्य जमा झालं असेल कोण जाणे.

सकाळी मोरपिसांची टोपी घालून दारात येतो तो वासुदेवही याच जातकुळीतला वाटतो. यादोगोपाळ पेठेत अजून एखाद्या सकाळी टाळ-चिपळ्या ऐकू येतात. त्याला स्वतःचं नाव कोणी विचारत नाही. तोच आपल्या गेलेल्या माणसांची नावं विचारून घेतो आणि ‘दान पावलं, दान पावलं’ म्हणत सुपातल्या तांदळाचा धनी पंढरपूरच्या विठोबापासून जेजुरीच्या खंडोबापर्यंत सगळ्यांना कळवतो. आमच्या घरी तो आला की आजी त्याला आजोबांचं नाव सांगायची. वासुदेवानेच वासुदेवाच्या नावाने दान पोचवायचं.

पानाच्या तळाशी बॉलपेनने, रजिस्टरच्या शिस्तीत न बसणारी एक भर आहे: ‘वासुदेव बळवंत’. आडनाव नाही. आपल्याकडे ते लावायची गरजही पडत नाही. लष्करी हिशेब खात्यातला कारकून, १८७९ साली रामोशांना हाताशी धरून इंग्रजांवर उठला, विजापूरकडे पकडला गेला आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारला, ते वासुदेव बळवंत फडके. पण नुसतं ‘वासुदेव बळवंत’ म्हटलं तर आणखी एक आहेत, वासुदेव बळवंत गोगटे. २२ जुलै १९३१ ला फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी हंगामी गव्हर्नर हॉटसनवर गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला, गोगटे तुरुंगात गेले आणि जन्मभर ‘हॉटसन गोगटे’ म्हणून ओळखले गेले. हे तेच फर्ग्युसन, जिथे आपले शास्त्रीबुवा व्याकरण सांगत होते. बॉलपेनवाल्याच्या मनात दोघांतला कोणता होता, हे सांगणं कठीण आहे. मी फडके धरतो.

हे सगळं बाईंना सांगितलं. नावाने लावलेल्या यादीची थोरवी पटवून द्यायची होती, दुसरं काय. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “आणि मुलगे कुठे लावलेत त्यांनी?”

मुलगे दुसऱ्या पानांवर आहेत. महाभाष्याच्या सहा खंडांना प्रस्तावनेचा सातवा खंड जोडला तो शास्त्रीबुवांचे चिरंजीव काशिनाथ वासुदेव यांनी, ते ‘का’मध्ये. खऱ्यांच्या मागे लेखसंग्रहाचं काम पुढे चालवलं त्यांच्या मुलाने, यशवंत वासुदेव यांनी, ते ‘य’मध्ये. एकाच संचाचे खंड दोन टोकांना, आणि वासुदेव मधल्या जागी सरकलेला.

“म्हणजे आडनावानेच लावायला हवं होतं की,” बाई म्हणाल्या आणि कम्प्युटरकडे वळल्या.

अभ्यंकर-खऱ्यांपुरतं त्यांचं बरोबर आहे. पण मग फडके आणि गोगटे एका पानावर कधी आले असते?