क्लीव्हलंडच्या स्लोव्हेन वस्तीत

क्लीव्हलंडला जाणारे बहुतेक जण रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम बघून परत फिरतात. तिथून पूर्वेला सेंट क्लेअर अव्हेन्यूवर एकेकाळी अमेरिकेतली सगळ्यात मोठी स्लोव्हेन वस्ती होती, म्हणजे मध्य युरोपातल्या स्लोव्हेनियाहून आलेल्या लोकांची. ओहायोत असाल तर एक दिवस तिच्यासाठी ठेवाच.

सुरुवात ग्रडिना पार्कपासून करा. 20 ऑक्टोबर 1944 रोजी दुपारी याच भागात ईस्ट ओहायो गॅस कंपनीची द्रवरूप वायूची टाकी गळली, वायू गटारांतून पसरला आणि भडका उडाला. 130 माणसं गेली, गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. अनेकांनी आयुष्याची पुंजी घरातच ठेवली होती, तीही राख झाली. तेव्हा शहराचा महापौर होता याच वस्तीत वाढलेला फ्रँक लाउशी, पुढे तो ओहायोचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला. घरं पुन्हा उभी करायला पुढे आला तो इथलाच व्यापारी अँटन ग्रडिना. हे आधी माहीत असलं, की पुढची प्रत्येक इमारत वेगळी दिसते.

तिथून सेंट व्हायटस चर्चपर्यंत चालत जा. पॅरिश, म्हणजे चर्चची मंडळी, 1893 ची, आजची दोन मनोऱ्यांची इमारत 1932 ची. हे लोक 1880 च्या दशकापासून येत गेले. स्लोव्हेनिया नावाचा देशच तेव्हा नव्हता, कागदोपत्री ते ऑस्ट्रियन. गावाकडच्या तुटपुंज्या शेतीवर भागेना, आणि इथल्या पोलाद-तारेच्या कारखान्यांना माणसं हवी होती. एकट्या आलेल्या कामगारांना बायका घरात ठेवून घेत, त्यांचं जेवणखाण आणि धुणं करत. आपल्या गिरणगावातल्या खानावळींची मला सारखी आठवण येत होती.

सगळ्यात जास्त वेळ स्लोव्हेनियन नॅशनल होमला द्या. 1924 साली उघडलेलं हे सभागृह मंडळांनी आणि कामगारांनी शेअर घेऊन, पैसा पैसा जमवून उभं केलं. नाटकं, गायन, ऑपेरासुद्धा इथे झाल्या. परक्या मुलखात, दिवसभर भट्टीसमोर राबून आलेल्या माणसांनी स्वतःसाठी रंगमंच बांधला, याचं मला फार अप्रूप वाटलं. चर्चवाले आणि समाजवादी यांच्यात तेढ होती, म्हणून वस्तीत संस्थाही दोन्हीकडच्या दिसतात. 1945 नंतर, स्लोव्हेनिया ज्याचा भाग होता त्या कम्युनिस्ट युगोस्लाव्हियातून निर्वासित आले, त्यांनी चर्चच्या बाजूला नवं बळ दिलं.

याच इमारतीत स्लोव्हेनियन म्युझियम अँड अर्काइव्ह्ज आहे. ते रोज दिवसभर उघडं असेल असं धरून जाऊ नका, आधी फोन करा. जुनी छायाचित्रं नीट बघायची तर तसं कळवून ठेवा. वस्ती आता विरळ झाली आहे, म्हणून दिवसाउजेडी फिरा आणि गाडी असली तर बरं.

दुपारनंतर युक्लिड या शेजारच्या उपनगरात पोल्का हॉल ऑफ फेम बघा. पोल्का म्हणजे जलद ठेक्याचं नाचाचं संगीत. क्लीव्हलंडच्याच कॉलिनवुड भागात वाढलेल्या फ्रँकी यांकोविचच्या अकॉर्डियनने क्लीव्हलंडची पोल्का अमेरिकाभर नेली. 1986 मध्ये पोल्काचं पहिलं ग्रॅमी त्यालाच मिळालं.

खाण्यात मांसाहारींनी क्लोबासे, म्हणजे धुरी दिलेले सॉसेज, घ्यावेत. शाकाहारींनी पोतित्सा, अक्रोडाचं सारण भरलेली गुंडाळीची गोड पाव, मागावी, पण अंडं चालत नसेल तर आधी विचारा. थंडी सोसत असेल तर लेंटआधीच्या (ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या काळाआधीच्या) कुरेंतोवान्येच्या, म्हणजे हिवाळा पळवून लावायच्या स्लोव्हेन उत्सवाच्या, सुमारास जा. मेंढीच्या कातड्यांत, कमरेला घंटा बांधून नाचणारे कुरेंत सेंट क्लेअरच्या रस्त्यावर तेव्हाच भेटतात.