आता येतलो बघ

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढलेल्या, झापांनी शाकारलेल्या, जाळी घरात आणि माणसंही घरात. अशा दिवसांत कोकणातल्या एखाद्या पडवीत १९६३ सालचा ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’ लावावा. ग्रीक पुराणातली गोष्ट आहे. सोनेरी लोकर आणायला जेसनचं जहाज निघतं आणि वाटेत राक्षस भेटतात. गोष्ट एवढीच. बघणाऱ्यांची मतं मात्र पागोळ्यांसारखी रात्रभर चालू राहतात.

पहिलं मत घरातल्या पोरांचं: राक्षस झटके देत चालतात. मत अगदी बरोबर आहे. हे राक्षस म्हणजे वीतभर उंचीचे पुतळे, आत धातूचा सांगाडा, सांध्यात गोळी आणि वाटी, वरून रबर. रे हॅरीहाऊसेन हा एकटा माणूस पुतळ्याचा हात केसभर हलवायचा, एक चौकट टिपायचा, पुन्हा केसभर हलवायचा. पडद्यावर एका सेकंदात २४ चौकटी जातात. जिवंत नट धावतो तेव्हा प्रत्येक चौकटीत त्याचा हात किंचित फराटलेला येतो, कारण कॅमेऱ्याची झडप उघडी असतानाही तो हलतच असतो. पुतळा त्या क्षणी ठार उभा असतो, म्हणून प्रत्येक चौकट लख्ख येते. अशा लख्ख चौकटी एकापाठोपाठ एक आल्या की डोळ्याला ठेच लागते. झटका म्हणतात तो हाच. पुतळा कमी-जास्त हलवला गेला तर झटका वाढतो, पण हलवणारा कितीही सराईत असला तरी झटका पुरता जात नाही.

आता टेलॉस या काशाच्या राक्षसाबद्दलही हीच तक्रार होते, आणि तिथे मात्र पोरांचं चुकतं. धातूचा माणूस लवचिक चालेल कसा? हॅरीहाऊसेनने त्याला मुद्दाम ताठ ठेवला होता. टेलॉस चौथऱ्यावर गुडघा टेकून बसलेला असतो. जेसनचा साथीदार हर्क्युलिस त्याच्या खजिन्यातली भाल्याएवढी पिन उचलतो आणि त्या प्रचंड मुंडक्याची मान करकरत वळते. सबंध सिनेमात याहून चांगला क्षण नाही, असं निदान या लिहिणाऱ्याचं मत. पुढे टेलॉस बंदराच्या तोंडात दोन्ही बाजूंना पाय रोवून उभा राहतो, तेव्हा आपल्याकडचा कोणीही हाच विचार करतो, की आता होडी काढायची कुठून.

दुसरं मत जरा मुरलेल्या प्रेक्षकांचं. दोनदा-तीनदा सिनेमा बघितलेला माणूस राक्षस दिसायच्या आधीच पुटपुटतो, “आता येतलो बघ.” त्याला कळतं कसं? चित्र अचानक खरबरीत होतं, रंग जरा धुतल्यासारखे दिसतात. कारण सोपं आहे. नटांचं चित्रण आधी होऊन जातं. मग ती फिल्म पुतळ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक चौकट करून पाडतात आणि पुतळ्यासकट पुन्हा टिपतात. म्हणजे मागचं चित्र हे चित्राचं चित्र. झेरॉक्सच्या झेरॉक्सला जे होतं तेच त्याला होतं. पुतळा ज्या मेजावर उभा असतो ते दिसू नये म्हणून पुढच्या काचेवर खालचा भाग काळा रंगवतात, आणि दुसऱ्या फेरीत उलटा भाग झाकून त्या जागी खरी जमीन भरतात. काळ्याची कड आणि जमिनीची कड जुळली नाही, तर राक्षसाच्या पायाशी एक रेघ थरथरते. ती शोधण्याचा नाद एकदा लागला की गोष्टीकडे लक्ष राहत नाही.

समुद्रावरच्या माणसांचं मत वेगळंच. राक्षसाला ते नावं ठेवत नाहीत, पाण्याला ठेवतात. पुतळा लहान करता येतो, थेंब लहान करता येत नाही. एकमेकांवर आपटणाऱ्या खडकांमधून जहाज जातं तिथे काही ठिकाणी फेस जहाजाच्या मानाने फारच टपोरा दिसतो. ज्याने उधाणात खाडीच्या मुखातून होडी बाहेर काढली आहे, त्याची नजर तिथेच अडते. यावर उपाय म्हणून पाणी वेगाने टिपतात आणि सावकाश दाखवतात. हिशोब वर्गमुळाचा असतो. देखावा सोळापट लहान असेल तर वेग चौपट, म्हणजे सेकंदाला ९६ चौकटी. त्याने लाटेला वजन येतं, थेंबाचा आकार मात्र तेवढाच राहतो. खडक थोपवून धरणारा समुद्रदेव ट्रायटन पुतळा नाहीच, तो खरा माणूस आहे, म्हणून तिथे पाणी आणि अंग एकमेकांना धरून वागतात. जहाजाच्या मागच्या टोकाला बसवलेली हेरा देवीची लाकडी मूर्ती डोळे उघडून बोलते, त्यावर मात्र इथे कोणी हरकत घेत नाही. नारळी पौर्णिमेला होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हार घालणाऱ्यांनी ती घ्यावी तरी कशी?

मग येतात सांगाडे. पेरलेल्या दातांतून सात सांगाडे उगवतात आणि तीन माणसांशी तलवारीने लढतात. मूळ कथेत दात अजगराचे आहेत, सिनेमात ते हायड्रा या सात तोंडांच्या सर्पाचे केले आहेत. आधी सांगाड्यांच्या जागी माणसं उभी करून लढाईची तालीम झाली. मग ती माणसं काढून घेतली आणि नट हवेतच वार करत राहिले. त्या पोकळ जागी सांगाडे बसवणं हे पुढचं काम, आणि त्याला साडेचार महिने लागले. प्रत्येकाचे दोन हात, दोन पाय, एक मुंडकं, म्हणजे एका चौकटीसाठी ३५ हालचाली, त्याही मागच्या पडद्यावरच्या नटाच्या तलवारीशी नेमक्या जुळवून. काही दिवस तेरा चौकटींवरच संपले. अर्ध्या सेकंदाच्या जरा वर. मध्येच कोणी हाक मारली आणि चौथ्या सांगाड्याचा हात वर चालला होता की खाली हे विसरलं, तर कळायला मार्ग नाही. फिल्म धुऊन आल्यावरच चूक दिसणार. दिव्याचा उजेड जरा उतरला तरी पडद्यावर लुकलुक होते. आपल्याकडच्या पावसाळी व्होल्टेजवर हा सिनेमा झालाच नसता.

पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, ते या झटक्यांना नकली म्हणत नाहीत. बाहुलीची मान जरा उशिरा वळली तरी दोऱ्यामागचे हात त्यांना ठाऊक असतात. दशावतारात बाकड्यावर बसलेला राजा पाहायची सवय असलेल्याला रबरी सांगाडा जड जात नाही. बर्नार्ड हरमनचं संगीतही त्यांना जवळचं वाटावं. त्यात तंतुवाद्यं नाहीतच, सगळा जोर फुंकायच्या आणि बडवायच्या वाद्यांवर आहे.

नायकाबद्दल, म्हणजे जेसनबद्दल, बहुतेकांचं एकमत: थंड आहे. त्याचा आवाजही दुसऱ्याचाच आहे. हर्क्युलिस जास्त लक्षात राहतो आणि तोच अर्ध्यावर गळतो.

टीव्हीवर बघणाऱ्यांना एकच सांगणं. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘मोशन’ नावाचं काहीतरी असतं, ते बंद करा. ते दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरी घुसवतं. त्याने नट मालिकेतल्यासारखे गुळगुळीत दिसतात आणि सांगाडे शेवाळावरून घसरल्यासारखे.

१९९२ मध्ये हॅरीहाऊसेनला ऑस्करवाल्यांचा मानाचा पुरस्कार मिळाला, तेव्हा टॉम हँक्सने हाच आजवरचा सर्वांत थोर सिनेमा असल्याचं सांगून टाकलं होतं. पडवीतल्या म्हाताऱ्यांना ते मान्य नाही, आणि त्यांचं कारण वजनदार आहे. जेसनच्या घराण्याची गादी बळकावणारा राजा पेलियस तसाच राहतो. लोकर मिळते, जेसन समुद्रात उडी मारून जहाज गाठतो, वर देवांच्या ऑलिंपस पर्वतावर देवांचा राजा झ्यूस म्हणतो की याचा डाव पुन्हा कधीतरी मांडू, आणि पडदा. रात्रभर जागून दशावतार बघितला तर पहाटे निदान दहीकाला तरी होतो.