औक्षण आणि अश्वत्थामा

आमच्याकडे वाढदिवस दोनदा होतो. तारखेचा मुलांच्या हौसेसाठी, केकसकट, तिथीचा आईसाठी. दोन्ही एकाच दिवशी यायला साधारण 19 वर्षं जावी लागतात, तोवर दरवर्षी दोनदा गोड खायला मिळतं, ही देवाची कृपाच. (आपण दिवा लावतो, ते विझवतात, असे निरोप हल्ली फिरत असतात. मी फुंकरही मारते आणि ओवाळूनही घेते.)

तिथीच्या दिवशी पाट, पाटाभोवती रांगोळी, कुंकू, अक्षता. आई आधी अंगठी-सुपारी ओवाळते, मग निरांजन. नंतर डोक्यावर कापूस ठेवते. केस कापसासारखे पांढरे होईपर्यंत जग, हा त्यामागचा आशीर्वाद. "आई, झालेत गं, रंगाखाली आहेत एवढंच," असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मग भुवया होईपर्यंत जग."

शेवटी वाटीभर दूध, त्यात गूळ आणि तीळ. दूध कोमट झाल्यावरच गूळ घालायचा, नाहीतर फाटतं आणि सणासुदीला अपशकुन नको म्हणून फाटलेलंच प्यावं लागतं. ते पिण्याआधी सात चिरंजीवांची नावं घ्यायची: अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य, परशुराम. आठवा मार्कंडेय.

लहानपणी ही नावं मी पाढ्यासारखी म्हणून टाकत असे. साठी जवळ आली तशी पहिल्याच नावापाशी जीभ अडखळायला लागली. बाकीच्यांचं ठीक आहे. बळीची तर आपण दिवाळीत वाट बघतो. पण अश्वत्थामा? त्याचं चिरंजीव असणं हा वर नाही, शिक्षा आहे. झोपेतल्या पोरांना मारलं, उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडलं, म्हणून कपाळावरचा मणी गेला आणि कृष्णाने शाप दिला, एकटा भटकत राहा. कपाळाची जखम घेऊन तो अजून तेल मागत हिंडतो म्हणतात. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे, त्याचं ठाणं मानलं जातं ते. दिवाळीत हजारो माणसं तिथे चढून जातात. आणि आपण वाढदिवसाला लेकराच्या हातात दूध देऊन पहिलं नाव घेतो ते याचंच!

मार्कंडेयाची गोष्ट नेमकी उलटी. त्याच्या आईबापांना देवाने विचारलं होतं, दीर्घायुषी पण मंद मुलगा हवा, की गुणी पण सोळाच वर्षांचा? त्यांनी सोळा वर्षं घेतली. पुढे महादेवाने यमाला परतवलं ते वेगळं, पण मागताना त्यांनी वर्षं मोजली नव्हती. तीळ-गुळाचं दूध प्यायचं ते त्याच्याकडून आयुष्य मागून, हे मला फार आवडतं.

तेव्हापासून देवळात हात जोडल्यावर 'देवा, आणखी एक वर्ष दिलंस' एवढंच म्हणून भागेना. वर्षं काय, अश्वत्थाम्यालाही मिळाली. मग मी किरकोळीत आभार मानायला लागले. भूक लागते, त्याबद्दल. पाठ टेकली की डोळा लागतो, त्याबद्दल. सकाळी सहाला, मी तोंडही धुतलेलं नसताना, फोन करून 'कितवा गं?' विचारणारी मावशी आहे, त्याबद्दल. दंडावर देवीची लस टोचल्याची खूण आहे, त्याबद्दल तर खासच. आमच्या गल्लीत चेहऱ्यावर देवीचे वण असलेली दोन-तीन माणसं तरी असायची. आपल्या देशात या रोगाचा शेवटचा रुग्ण 1975 साली सापडला. माझ्या मुलांच्या दंडावर ती खूणच नाही. ते काम देवाचं की घरोघर हिंडणाऱ्या लस टोचणाऱ्यांचं, हा वाद मी घालत नाही. दोघांनाही नमस्कार. स्वातंत्र्याच्या सुमारास सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. आजीची काही मुलं पाळण्यातच गेली, तिने कुणाच्या डोक्यावर कापूस ठेवायचा?

एवढी मोठी यादी म्हणायला लागले की मागे रांग खोळंबते. पुजारी घंटा वाजवतात, मी निम्मी यादी प्रदक्षिणेत उरकते. खरं सांगायचं तर यादी संपता संपता मागणंही येतंच: मुलीची नोकरी, धाकट्याचं लग्न. देवालाही ते ठाऊक असणार.

मागे आत्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं. हजार पौर्णिमा व्हायला 80 वर्षं आणि साधारण दहा महिने लागतात. होम झाला, तुला झाली, नातवंडांनी एकाहत्तर सूचना देत फोटो काढले. आत्या देवापुढे बराच वेळ डोळे मिटून पुटपुटत बसली होती. जेवताना मी विचारलं, "आत्या, एवढं काय मागत होतीस?"

"मागते कशाला? डाव्या गुडघ्याचे आभार मानले," ती म्हणाली. "उजव्याचा विषय मुद्दाम काढला नाही. वाढ तो मठ्ठा."