आधी फक्की, मग फरशी

गल्लीच्या तोंडाशी झाडाखाली पार नीट करायचा ठरला की पहिली मागणी 'बाकं टाका' हीच येते. त्यासाठी बोलावलेल्या रहिवाशांच्या बैठकीला येतात संध्याकाळी फिरणारे. दुपारी तिथेच टेकणारी भाजीवाली, रिक्षावाले, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया येत नाहीत. म्हणून बैठकीआधी मोजणी करा: सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ६, रात्री ९, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. कोण कुठे बसलं, सावली कुठे होती, एवढं वहीत टिपायचं. तारीखही लिहा, कारण मे महिन्यातली सावली डिसेंबरात तिथे नसते.

मग कागदावरच्या नकाशाऐवजी जमिनीवरच फक्कीने आखा. कट्ट्याच्या जागी घरोघरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून आठ दिवस राहू द्या. लोक त्या जिथे सरकवतात, तिथे कट्टा. दुचाकी वळताना रेघ पुसली जाते, तिथे काहीच बांधू नका. कुणी कितीही सुबक चित्र काढून आणलं तरी हे त्यातून कळत नाही.

कट्ट्याची उंची ४५ सेंमी ठेवा. कमी झाली तर गुडघेदुखीवाल्यांना उठवत नाही. एका टोकाला धरायला लोखंडी नळी हवीच. रुंदी ४० ते ४५ सेंमी, पुढच्या बाजूला सेंटीमीटरभर उतार, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरतं. खाली चालायला पॉलिश केलेला कोटा दगड नको (ओला झाला की पाय घसरलाच), खरबरीत शहाबादी घ्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते झाडापाशी. स्वच्छ दिसावं म्हणून काँक्रीट थेट बुंध्याला भिडवतात. मुळांना पाणी-हवा मिळत नाही, आणि पिंपळ असेल तर तोच पुढे कट्टा फोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तेवढं अंतर आपणही पाळावं. बुंध्यावर मातीही चढवू नका, साल कुजते. पुढचे पेव्हर ब्लॉक सिमेंटऐवजी वाळूवर बसवा, म्हणजे पाणी मुरतं आणि मुळं वाढली की चार ब्लॉक काढून पुन्हा लावता येतात. फांद्या छाटायच्या असतील तर आधी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी.

पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. अर्जात 'सुशोभीकरण' असं मोघम लिहू नका. जागेची नेमकी खूण, मोजमाप आणि फोटो द्या. जागा कुणाच्या मालकीची आहे ते मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) आधी बघून घ्या. आणि दिवा लावणार असाल तर बिल कुणाच्या मीटरवर, हे खांब उभा राहण्याआधी ठरवा.