लीक नव्हतंच

दर रविवारी पहाटे डेटाबेस रीस्टार्ट करायचा, हा आमच्याकडचा अलिखित नियम होता. पोस्टग्रेस (आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर) मेमरी लीक करतो, म्हणजे घेतलेली मेमरी परत सोडतच नाही, अशी सगळ्यांची खात्रीच होती. सोमवारपासून मेमरीचा आलेख चढायचा, बुधवार-गुरुवारपर्यंत सगळं रखडायला लागायचं आणि रीस्टार्ट केलं की दोन्ही ताळ्यावर. मीही हेच धरून चाललो होतो.

एका गुरुवारी असंच रखडलं, पण महिनाअखेरीच्या कामांमुळे मध्येच रीस्टार्टला परवानगी मिळाली नाही. मग बसलो शोधत.

सहकाऱ्याने 'टॉप' या कमांडमधल्या 'रेस' रकान्याची (प्रत्येक प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, वापरते ती रॅम) बेरीज दाखवली. दीडशे जीबी! "बघ, लीक नाही तर काय?" मशीनची रॅम होती 64 जीबी. 64 मध्ये दीडशे मावतात कसे, हे आम्हाला इतके महिने का खटकलं नाही, कोण जाणे. शेअर्ड बफर्सना, म्हणजे पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेस मिळून वापरतात त्या मेमरीला, 16 जीबी दिलेले होते. त्यातल्या ज्या पानांना (मेमरीच्या तुकड्यांना) एखाद्या कनेक्शनची प्रोसेस हात लावते, ती तिच्या 'रेस'मध्ये धरली जातात. पान एकच, पण शंभर प्रोसेसच्या खात्यावर शंभरदा. रीस्टार्टनंतर ही मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून आलेख चढताना दिसतो. लिनक्सच्या 'स्मॅप्स रोलअप' फाइलमधला पीएसएस आकडा हे सामायिक पान सगळ्यांत विभागून मोजतो. त्याची बेरीज आली 20 जीबीच्या आसपास.

लीक नाही, मग रखडतंय कशाने?

सगळ्यात हळू चालत होती कामांची रांग ठेवणारी टेबल. जेमतेम काहीशे ओळी! मृत ओळी, म्हणजे बदललेल्या वा काढलेल्या ओळींच्या मागे उरलेल्या जुन्या प्रती, साफ करणारा व्हॅक्यूम तपशील दाखवत (व्हर्बोज) चालवला तर त्या लाखोंनी निघाल्या, आणि त्या अजून काढता येत नाहीत असा शेरा. रांगेतलं पुढचं काम शोधणारी क्वेरी दर वेळी हा सगळा ढिगारा तुडवत जात होती. 'पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटी'त, म्हणजे चालू कनेक्शनच्या यादीत, एक सेशन सापडलं: 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून रिकामं बसलेलं), सुरुवात सोमवारी सकाळी. रिपोर्टची एक स्क्रिप्ट लॉग टेबलमध्ये एक ओळ लिहून कमिट (बदल पक्का) न करता नुसती बसून होती. तिचं ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत त्यानंतर मेलेली एकही ओळ व्हॅक्यूमला उचलता येत नव्हती. (स्क्रिप्ट मीच लिहिलेली. हे नंतर कळलं.)

म्हणजे रविवारच्या रीस्टार्टने गुण यायचा तो मेमरी रिकामी झाली म्हणून नव्हे, तर हे ट्रान्झॅक्शन तुटायचं म्हणून.

सेशन 'पीजी टर्मिनेट बॅकएंड'ने संपवलं आणि टेबलवर हाताने व्हॅक्यूम चालवला. रांग पळायला लागली. मेमरीचा आलेख होता तिथेच, तसूभरही खाली नाही. सहकारी बराच वेळ त्याच्याकडेच बघत होता.

संध्याकाळी अशा सेशनसाठीचा टाइमआउट दहा मिनिटांवर ठेवला. मूळ सेटिंगमध्ये तो बंदच असतो. मग क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) रविवारच्या रीस्टार्टची ओळ काढायला गेलो, तर सहकारी म्हणाला, "काढू नकोस, नुसती कॉमेंट कर."