नेहमी, कधीकधी, कधीच नाही

मंगळवार, रात्री पावणेबारा

थर्ड इयरच्या एका मुलीने दुपारी व्हॉट्सॲपवर सर्व्हेचा फॉर्म पाठवला. कोविडकाळातलं डॉक्टरांचं आणि विद्यार्थ्यांचं ज्ञान, दृष्टिकोन, आचरण. खाली 'मॅडम, दोनच मिनिटं लागतील' आणि हात जोडलेले.

ज्ञान खरंच दोन मिनिटांत उरकलं. इन्क्युबेशन पिरियड २ ते १४ दिवस, एन-९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनचे ९५ टक्के कण अडवणारा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पुढच्या पानावर प्रश्न होता: 'पीपीई काढताना तुम्ही योग्य क्रम पाळत होता का?' नेहमी, कधीकधी, कधीच नाही. तिथे अडकले ती आत्तापर्यंत.

२०२० मध्ये मी जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट डॉक्टर होते. डॉफिंगचा, म्हणजे किट काढण्याचा व्हिडिओ तीनदा पाहिला होता, भिंतीवर पोस्टरही होतं: मास्क सगळ्यात शेवटी, प्रत्येक पायरीनंतर हात स्वच्छ. मे महिन्यातली एक ड्यूटी आठवते. सहा तास किटमध्ये, गॉगलवर वाफ, लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून घोटभर पाणी नाही. बाहेर आले आणि ग्लोव्हज घातलेलाच हात थेट मास्कच्या इलॅस्टिककडे गेला. दारात पिवळ्या पिशव्या बांधत बसलेल्या मावशी ओरडल्या, "ओ मॅडम, मास्क नाय! आधी हातातलं काढा."

हात तसाच हवेत राहिला.

मावशींना ०.३ मायक्रॉन विचारलं तर हसतील. या फॉर्मात त्या सपशेल नापास. पण दिवसभर त्या दारात बसून त्यांनी किती जणांना किट काढताना पाहिलं असेल! कोण कुठे चुकतं हे त्यांना तोंडपाठ होतं. किट काढताना सोबत एक बडी, म्हणजे लक्ष ठेवणारा जोडीदार असावा असं आम्हालाही शिकवलं होतं म्हणा. माझा बडी तेव्हा कुठल्यातरी पेशंटसाठी व्हेंटिलेटर शोधत फिरत होता.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचंही तसंच. कोविड होऊ नये म्हणून आम्ही ही गोळी घ्यावी, अशी २३ मार्चला आयसीएमआरची सूचना आली: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्याला एक, सात आठवडे. पुरावा किती तोकडा आहे ते आम्हीच मेसमध्ये एकमेकांना ऐकवत होतो, आणि तोंडातला घास संपला की गोळी घेत होतो. गोळीने हृदयाचे ठोके बिघडू शकतात हे माहीत असून मी तर ईसीजीही न काढता घेतली. घाबरलेल्या डॉक्टरची आणि घाबरलेल्या पेशंटची बुद्धी फार वेगळी चालत नाही.

रेमडेसिविर इंजेक्शनबद्दल मात्र फॉर्ममध्ये प्रश्नच नाही. बरंच झालं. डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२० मध्येच दाखल रुग्णांना ते देऊ नये असं सुचवलं होतं. जर्नल क्लबमध्ये आम्ही त्यावर तासभर भांडलोही होतो. आणि एप्रिल २०२१ मध्ये नातेवाईक मेडिकलसमोर रात्र-रात्र रांगेत उभे, हातातली चिठ्ठी आमच्या अक्षरातली. एक मुलगा चहाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून त्यात व्हायल घेऊन आला होता. पावडरची व्हायल, तिला बर्फाची गरजच नव्हती. वडिलांचा आजाराचा बारावा दिवस, तोंडाला एनआरबीएम, जास्त ऑक्सिजन देणारा मास्क. मी काय म्हणाले? "बरं झालं मिळालं." बस. ज्या डेक्सामिथासोनने ऑक्सिजनवरच्या रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे जून २०२० मध्येच कळलं होतं, ते काही रुपयांचं इंजेक्शन त्यांना आधीपासून चालूच होतं. त्यासाठी कुणाला रांगेत उभं राहावं लागलं नव्हतं, म्हणून त्यावर कुणाचा भरवसाही नव्हता.

हे तिच्या तीन पर्यायांत कुठे बसवू?

शेवटचा प्रश्न आजचा होता: 'सध्या दोन रुग्णांच्या मध्ये हात स्वच्छ करता का?' बोट सवयीने 'नेहमी'वर गेलं. मग सकाळचा राउंड आठवला. अकरा नंबरच्या बेडजवळची हँडरबची बाटली मी दाबली, नुसती हवा आली. मी हात चोळल्यासारखं केलं आणि बारा नंबरकडे वळले. मागे सहा इंटर्न होते. त्यांनीही ओळीने तीच बाटली दाबली.

'कधीकधी'वर टिक केली, फॉर्म पाठवून दिला. उद्या इनचार्ज सिस्टरना बाटल्यांचं इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणी टाकायला सांगायचंय.