एक जादा भोक

गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. औषधाच्या बाटल्यांसाठी कन्व्हेयर बनवतो, डिझाइन माझ्याकडे. चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, सहा कन्व्हेयर गाडीत चढवायचे होते. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला सगळे घरी जातात, मग आठवडाभर कोणी हाताशी नसतं.

सकाळी फिटर काकांनी खाली बोलावलं. दोन्ही हातांत एकेक सेन्सर ब्रॅकेट, म्हणजे सेन्सर बसवायची पट्टी, धरून म्हणाले, "सर, यातला डावा कुठला?"

२ मिलिमीटरचं स्टेनलेस, सारखीच बेंड, सारखीच लांबी. फरक फक्त १८ मिलिमीटरच्या एका भोकाचा: एकात मध्याच्या डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे. मी उलटसुलट करून पाहिले आणि चुकीचा उचलला. दोन्हींची ड्रॉइंग मीच काढलेली!

रात्रपाळीच्या पोराने बाराच्या बारा ब्रॅकेट उलटे बसवले होते. सुपरवायझर त्याच्यावर चढला होता. मी त्याला थांबवलं. ज्या फरकावर काढणाराच फसतो, तो रात्री दोन वाजता त्या पोराने कसा ओळखायचा?

बसवलेलं काहीच सोडवलं नाही. प्रत्येक ब्रॅकेटला मध्याच्या दुसऱ्या बाजूलाही तसंच भोक पाडायचं ठरवलं. बेल्टवर कपडा अंथरला, चुरा आत जाऊ नये म्हणून. काकांनी स्टेप ड्रिल लावलं. ड्रिल नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस अजून कडक होतं, म्हणून हळू फिरवत, तेल सोडत, चांगला दाब देऊन. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बारा झाले. आता डावा-उजवा हा भेदच उरला नव्हता. पत्र्याला भोकं पाडायच्या पंचिंगला एक भोक वाढलं, पण एक ड्रॉइंग, एक सेटिंग आणि एक रॅक कमी झाला.

संध्याकाळी मी बोल्टची यादी काढली. १८४१ साली इंग्रज इंजिनिअर व्हिटवर्थ यांनी बोल्टच्या आट्यांचं एकच प्रमाण मांडलं, तोवर इंग्लंडात ज्याचे त्याचे आटे वेगळे. आमचे आटे प्रमाणित होते, तरी एका मशीनवर एम ५, एम ६, एम ८ (५, ६ आणि ८ मिलिमीटर जाडीचे) असे तिन्ही बोल्ट मीच पेरले होते. म्हणजे ते आवळायला ८, १० आणि १३ नंबरचे तीन पाने. एम ५ जिथे होते तिथे एम ६ चालत होता, सेन्सरचे स्वतःचे स्क्रू सोडून. ते येतात तसेच वापरावे लागतात.

चवथीनंतर कामावर आलो तेव्हा काका रॅकवरचं 'डावा' थिनरने पुसत होते. 'उजवा' आधीच पुसून झालं होतं.